सापडलं तरच ठेवलं

आमच्या घरी चहाला आलेला माणूस आधी टेकतो, पाणी पितो, उन्हाबद्दल दोन शब्द बोलतो. गव्हाणे नाना आले की आधी मनगटावरचं घड्याळ सोडतात, ते माझ्या संगणकाशेजारी नीट उभं करून ठेवतात आणि म्हणतात, "हं बाई, मुलीचा दहावीचा दाखला काढा."

दाखला कशाला हवाय असं विचारायचं नसतं. दाखला त्यांना नकोच असतो. तो मला किती वेळात सापडतो एवढंच त्यांना पाहायचं असतं. तीन टिचक्या आणि अर्धं मिनिट, ही त्यांनी घालून दिलेली मर्यादा. टिचकी म्हणजे क्लिक. पहिल्या खेपेला मी अकरा मिनिटं घाम गाळला आणि माझ्या हाती लागला तो नणंदेच्या डोहाळजेवणाचा फोटो. नानांनी घड्याळ परत मनगटावर चढवलं आणि शांतपणे निकाल दिला, की दाखला तुमच्याकडे नाही. आहे हो, ठेवलाय मी, असं मी कळवळून म्हटलं. त्यावर त्यांनी जे वाक्य टाकलं ते आता आमच्या सगळ्या कॉलनीला पाठ झालंय.

"ठेवलाय म्हणजे काय? सापडलं तरच ठेवलं."

मला राग आला. मी शाळेत मराठी शिकवते, पण संगणकाचा रीतसर कोर्स केलाय आणि त्याचं सर्टिफिकेटही माझ्याकडे आहे. कुठे आहे ते कृपया विचारू नका.

नाना केडगावात आमच्या समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. वय एकाहत्तर, अंगात पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. आयुष्यभर त्यांनी जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या कचेरीत रेकॉर्ड सांभाळलं. कोणता तालुका ते लिहायचं नाही, अशी त्यांनी मला ताकीद दिलीय. तिथे जुने कागद तांबड्या कापडात बांधून फळ्यांवर रचलेले असतात, त्या गठ्ठ्यांना बस्ते म्हणतात. तेहतीस वर्षं नाना बस्ते सोडत आणि बांधत होते. निवृत्त झाल्यावर माणसं देवाला जातात, मळा करतात, सुनेच्या कामात चुका काढतात. नानांनी संगणक आणला. ते सांगतात की तो पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा त्यांना भरून आलं होतं, कारण हे असं रेकॉर्ड होतं की ज्याला धूळ नाही, वाळवी नाही आणि शिडी लागत नाही. शिडीचं ते नेहमी सांगतात. मला वाटायचं, गुडघे दुखत असतील.

तेव्हापासून त्यांनी सगळा संगणक कचेरीच्या भाषेत लावून घेतलाय. फोल्डर म्हणजे बस्ता. फाइल म्हणजे कागद. समोर दिसणारा पडदा म्हणजे साहेबांचं टेबल, आणि साहेबांच्या टेबलावर फक्त आजचं काम असावं. माझं टेबल पाहून ते म्हणाले होते, "बाई, तुम्ही तर अख्खं गोदाम साहेबांपुढे ओतलंय. साहेब काम करतील का डोकं धरून बसतील?" संगणक हळू का चालतो याचं एवढं समजेल असं कारण मला कोर्समध्येही कुणी दिलं नव्हतं.

फाइलीच्या नावांवर त्यांचा विशेष कटाक्ष. माझ्या नवऱ्याची, म्हणजे सुहासची, पद्धत अशी की सेव्ह करताना संगणकाने नाव विचारलं की बोट जिथे असेल तिथे दाबून मोकळं व्हायचं. त्यामुळे आमच्याकडे 'जजजज' आहे, 'कलकलकल' आहे आणि नुसतं 'ठ' आहे. त्या 'ठ'मध्ये आमच्या फ्लॅटचा नकाशा निघाला. नानांनी सुहासला समोर बसवलं आणि विचारलं, की तुमच्या बारशाला आत्याबाईंनी असंच बोट ठेवलं असतं तर? मग त्यांनी नियम सांगितला. आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, मग विषय, शेवटी कुणाचं ते. असं लिहिलं की कागद आपसूक रांगेत उभे राहतात, शोधावे लागत नाहीत. सुहास आता तसं लिहितो. अर्थात नाना शहरात आहेत तोवरच.

कॉलनीत त्यांच्यामुळे एकदा भांडणही झालं. भापकरांच्या थोरलीच्या लग्नाचे चौदाशे फोटो संगणकात मावेनात, म्हणून भापकरांनी नानांना बोलावलं. सरकारी कागदांचे अ, ब, क, ड असे चार वर्ग असतात. अ म्हणजे कायम जपायचा, ड म्हणजे वर्षभराने नष्ट करायचा. नानांनी भापकरांना शेजारी बसवून चौदाशे फोटोंची या चार वर्गांत वाटणी केली. काम चोख झालं, पण संध्याकाळी भापकर वहिनींनी बस्ते उघडून पाहिले तेव्हा त्यांच्या माहेरची झाडून सगळी माणसं 'ड' वर्गात होती. नानांचं म्हणणं, ती प्रत्येक फोटोत जेवतच होती, एक ठेवला की पुरे. वहिनी महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. भापकरांशी तर दीड महिना.

स्वतःच्या घरात मात्र ते काही पुसून टाकायचं म्हटलं की रीतसर चालतात. संगणकातली कचऱ्याची टोपली रिकामी करण्याआधी स्वयंपाकघराच्या दारावर नोटीस लागते, की खालील कागद नष्ट करण्यात येत असून कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवावी. घरात माणसं दोनच. हरकत घेणार त्या काकू. एकदा त्यांनी उपवासाच्या भाजणीच्या कागदावर पेन्सिलीने 'हरकत आहे' असं लिहिलं, तर नानांनी सुनावणी ठेवली. काकूंनी सुनावणीला नानांना भाजणीचं थालीपीठ वाढलं आणि कागद अ वर्गात गेला.

प्रती तीन, हा आणखी एक दंडक. एक संगणकात, एक पेनड्राइव्हवर कपाटात आणि तिसरी दुसऱ्या गावी. एकाच घरात तीन प्रती म्हणजे एकच प्रत, असं ते म्हणतात, आणि विचार केला तर खोटं नाही. त्यांची तिसरी प्रत राहुरीला साडूंकडे असते. दर दोन महिन्यांनी नाना एसटीने पेनड्राइव्ह घेऊन जातात. त्याला काकूंनी तांबड्या कापडाचा इवलासा बस्ता शिवलाय, बंदासकट. साडू तो ज्वारीच्या कोठीत ठेवतात आणि जुना परत देतात. गेल्या वर्षी साडूबाईंनी कोठी दळणाला काढली आणि नानांचं रेकॉर्ड गिरणीपर्यंत जाऊन आलं. नानांनी तिथे बसून पोचपावती लिहून घेतली.

आणि तो फोन. कुणीतरी गोड आवाजात नानांना कळवलं, की तुमच्या संगणकात व्हायरस शिरलाय, मी सांगतो ती बटणं दाबा. आपल्यासारखा माणूस घाबरून दाबत सुटतो. नाना म्हणाले की तुमचा अर्ज आलेला नाही. तो म्हणाला, कसला अर्ज? नाना म्हणाले, माझ्या संगणकात काही करायचं तर साध्या कागदावर अर्ज, त्यावर आवक क्रमांक, मग मी टिपणी ठेवीन. पाऊण तास त्यांनी त्या माणसाला कागदपत्रांची यादी उतरवून घ्यायला लावली. शेवटी त्यानेच फोन ठेवला. न मागता आलेल्या फोनला अर्ज मागायचा, हे तेव्हापासून मीही शिकलेय. फार उपयोगी पडतं.

एवढं सगळं ते फुकट शिकवायचे, आणि शिकायला कुणी येत नव्हतं. रविवारी तीनच्या सुमाराला नाना जिना उतरताना दिसले की समोरच्या घरांचे पडदे सरकायचे. भापकर तर बाहेरून कुलूप लावून मागच्या दाराने आत जात. मीही दोनदा आजारी पडले होते, लिहायला लाज वाटते. नाना दारावर टकटक करायचे, थोडं थांबायचे आणि शांतपणे परत जायचे. पाठमोरे ते जरा लहान दिसायचे.

अशात हौसाबाई आल्या.

हौसाबाई आमच्याकडे दूध घालतात. साठी ओलांडलेली, नऊवारी, पायांत प्लास्टिकच्या चपला. कॉलनीच्या मागे रानात त्यांचं घर, चार म्हशी. चौथीपर्यंत शिकलेल्या, अक्षर लावून वाचतात. एका रविवारी नाना माझी तपासणी घेत असताना त्या रिकामी किटली घ्यायला आल्या, थोडा वेळ दारात उभ्या राहून आमचं बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "नाना, सातबारा ह्याच्यात दिसतो म्हनत्यात. खरं हाय का?"

दिसतो, नाना म्हणाले.

हौसाबाईंचं प्रकरण आम्हाला अर्धंमुर्धं ठाऊक होतं. वडिलांच्या जमिनीत तीन भावांबरोबर दोघी बहिणींचीही नावं वारस म्हणून लागली होती. भावांनी हक्क सोडल्याच्या कागदावर सह्या मागितल्या. धाकट्या बहिणीने अंगठा दिला, हौसाबाईंनी सही दिली नाही. तेव्हापासून माहेर तुटलं. पुढे भाऊ सांगू लागले की तुझं नाव केव्हाच कमी झालंय. गावातला कुणी म्हणे आहे, कुणी म्हणे नाही. वीस वर्षं बाईला आपलं नाव आहे की नाही हेच माहीत नव्हतं.

मी म्हटलं, गट नंबर सांगा, दोन मिनिटांत बघून सांगते. त्यांनी मान हलवली.

"लोकांनी बघून सांगितल्यालं लई झालं, बाई. भावांनी बघून सांगितलं, मालकानं बघून सांगितलं, परत्येकाचं येगळं. आता माझ्या हातानं बघायचंय."

नानांनी गाव कोणतं ते विचारलं. हौसाबाईंनी सांगितलं. घड्याळ परत चढवत असलेला नानांचा हात तिथेच थांबला. मग ते म्हणाले की पुढच्या रविवारी तीनला इथेच या, पायापासून सुरुवात करू. त्यांचा जिना हौसाबाईंच्या गुडघ्यांना झेपणारा नव्हता, म्हणून वर्ग माझ्याच घरी ठरला. मला कुणी विचारलं नाही.

अशी विद्यार्थिनी नानांना जन्मात मिळाली नव्हती. पहिली अडचण माउसची. हौसाबाईंचा हात धार काढायला सरावलेला, बोट दाबायचं म्हटलं की अख्खी मूठ वळायची आणि दोन्ही बटणं एकदम दाबली जायची. नानांनी युक्ती सांगितली, अंगठा आणि करंगळीने नुसतं धरायचं, हलवायचं फक्त एक बोट. हौसाबाईंनी आठवडाभर घरी साबणाच्या वडीवर सराव केला आणि दुसऱ्या रविवारी एकच टिचकी वाजवून दाखवली. पासवर्डचा धडा त्यांना सगळ्यात आवडला. हे कुलूप कुणाला सांगायचं नाही असं नाना म्हणाले, तेव्हा त्यांनी विचारलं, मालकालाबी न्हाई? मालकांनाही नाही. हौसाबाईंनी ते पुन्हा एकदा म्हणवून घेतलं.

काम झालं की संगणक नीट बंद करायचा, वायर उपटायची नाही. अडला तर घाबरायचं नाही, एकदा बंद करून परत सुरू करायचा, निम्मे रोग तेवढ्याने जातात. लिहिता लिहिता मध्येच जपून ठेवत जायचं, लाइटीचा भरवसा नाही. पडद्याला बोट लावायचं नाही, डाग पडतात. हौसाबाई सगळं ऐकायच्या आणि तस्संच करायच्या. चौथ्या रविवारी त्यांनी स्वतःचं नाव टाइप केलं, बस्त्यात ठेवलं, सगळं बंद करून पुन्हा उघडलं आणि नानांच्या घड्याळासमोर बावीस सेकंदांत ते शोधून दाखवलं. कॉलनीत हे आजवर कुणाला जमलं नव्हतं. मला आनंद झाला आणि थोडा मत्सरही वाटला.

मी धरून चालले होते की आता सातबारा. पण नानांनी पेनड्राइव्ह काढला आणि तीन प्रतींचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. हौसाबाईंनी मुकाट्याने तेही ऐकलं. निघताना त्या म्हणाल्या, "नाना, ते कवा बघायचं?" नाना पेनड्राइव्हचे बंद बांधत राहिले. म्हणाले, "पुढच्या रविवारी बघू."

पाचव्या रविवारीही तेच झालं. फोटोंचे वर्ग कसे पाडायचे हे ते म्हशी राखणाऱ्या बाईला शिकवत होते, जिच्याकडे फोटो दोन. माझं डोकं फिरलं. तीन टिचक्यांचा आग्रह धरणारा माणूस पाच आठवडे एका बाईला झुलवतोय, हे मला कळेना. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी दोन जिने चढले. नाना दळण आणायला गेले होते. काकू मटार सोलत बसल्या होत्या. मी तक्रार सुरू केली, तेव्हा त्यांनी मटारचं ताट बाजूला सारलं.

त्यांनी सांगितलं ते असं. हौसाबाईंना नानांनी पहिल्याच दिवशी, गावाचं नाव ऐकताच ओळखलं होतं. वीस वर्षांमागे ही बाई त्यांच्या कचेरीत वारस नोंदीची नक्कल मागायला यायची. ती हातात असती तर पुढे नाव कमी करण्याची कुणाची हिंमत झाली नसती. तो कागद सगळ्यात वरच्या फळीवरच्या बस्त्यात होता आणि शिडीची एक पायरी मोडली होती. नाना चढले नाहीत. कुणी त्यांना अडवलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं, नुसता कंटाळा. उद्या या, म्हणाले. ती आली. पुन्हा उद्या या. असं कितीतरी वेळा झालं आणि मग बाई यायची बंद झाली.

"ती येईना, तेव्हा यांना बरं वाटलं होतं बरं का," काकू म्हणाल्या. "ते बरं वाटलेलं यांना आता सोसत नाही."

आणि आता जर पडद्यावर नाव नसेल, तर ते आपल्यामुळे नाही, हे नाना कुणाला आणि कसं सांगणार होते? म्हणून ते पेनड्राइव्ह शिकवत होते. मी ताटातला एक मटार उगाच सोलला आणि उठले. राग गेला होता, पण त्या जागी काय आलं होतं ते मला नीट सांगता येत नाही.

नाना मला खालीच भेटले, खांद्यावर पिठाचा डबा. मी विचारलं की तुम्ही एकट्याने कधी उघडून पाहिलंत का? गट नंबर त्यांना वीस वर्षं पाठ होता, हे मला आता कळलं होतं. ते म्हणाले, नाही. तिच्याआधी मी बघितलं तर पुन्हा तेच झालं, मला कळलं आणि ती दारात उभी.

"नाना," मी म्हटलं, "तुम्ही तिला परत उद्या या म्हणताय."

त्यांच्या शर्टावर पीठ सांडलं होतं. ते झटकायचं सोडून ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आपण मोठ्या माणसाला फार बोललो. मग ते जिना चढून गेले.

सहाव्या रविवारी ते पावणेतीनलाच आले. घड्याळ त्यांनी काढलंच नाही. हौसाबाई डोक्यावरचा पदर सारखा करून खुर्चीवर बसल्या आणि नाना म्हणाले, "आज सातबारा."

सरकारी साइट उघडली. आधी जिल्हा निवडायचा होता. हौसाबाईंनी यादी खाली सरकवली, 'न' गाठला आणि एकेक अक्षर लावत गेल्या. नंदुरबार आलं, नागपूर आलं, नांदेड आलं, नाशिक आलं. त्यांनी यादी पुन्हा वर नेली, पुन्हा खाली आणली. चेहरा उतरला.

"नगर न्हाईच की ह्याच्यात. आपला जिल्हाच काढून टाकला व्हय?"

आम्ही हसलो नाही. कुणी नगर सोडून दुसरं काही म्हणतो का, मीही म्हणत नाही. नाना म्हणाले की जिल्हा कुठे जात नाही, नाव बदललंय, वर 'अ'मध्ये बघा. अहिल्यानगर सापडलं तेव्हा हौसाबाईंचा सुस्कारा मला ऐकू आला. तालुका सापडला. गाव सापडलं. गट नंबर त्यांनी तोंडाने पुटपुटत दाबला. मग साइटने वेडीवाकडी अक्षरं दाखवून ती जशीच्या तशी लिहा म्हटलं. दोनदा चुकलं. नाना मागे उभे होते, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. मला त्या माउसवर झडप घालावीशी वाटत होती, पण त्यांच्याकडे पाहून मी हात मांडीखाली घेतले. तिसऱ्यांदा जमलं. एक चकती गोल गोल फिरत राहिली आणि पान उघडलं.

पहिलं नाव थोरल्या भावाचं. मग मधला. मग धाकटा. हौसाबाईंनी पान वर सरकवलं, एक बोट, बाकीचं नुसतं धरलेलं. मग एक अनोळखी नाव, बहुधा भावजयीचं. आणि त्याखाली. त्यांनी उजव्या हाताचं बोट सरळ पडद्यावर टेकवलं आणि अक्षर लावायला लागल्या. हौ. सा. बा. ई. मग वडिलांचं नाव. मग पुन्हा पहिल्यापासून, जरा मोठ्याने. पडद्यावर बोटाचा ओला डाग उमटला आणि नाना काही बोलले नाहीत.

"हाय," हौसाबाई म्हणाल्या. "माझं नाव हाय, नाना."

मी रडत होते, हे सांगायला मला काही वाटत नाही. नाना मागून पुढे आले आणि संगणकाच्या बाजूला उभे राहिले. कचेरीतली भाषा त्यांना त्या वेळी सापडेना.

"हौसाबाई, त्या कचेरीत खिडकीच्या आत मी बसायचो. तुमचा कागद वरच्या फळीला होता. शिडीची पायरी मोडल्याली हुती. मी चढलो न्हाई. सात वेळा तुम्हाला उद्या या म्हणालो."

हौसाबाईंची नजर पडद्यावरच होती.

"नऊ येळा," त्या म्हणाल्या.

नानांनी मान खाली घातली. मला उठून पाणी आणावंसं वाटलं, पण उठवेना. मग हौसाबाईंनीच सांगितलं, की त्यांनीही पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, आवाज तोच आहे. मी न राहवून विचारलं, मग यांच्याकडेच शिकायला कशा आलात?

"चौथी का पाचवी खेप आसंल. ऊन लई हुतं. ह्यांनी आतनं पान्याचा तांब्या दिला आन् सावलीला बसा म्हनले. तवा माझ्या भावांच्या दारात मला पानीबी कुनी इचारत न्हवतं."

मग त्या उठल्या. पुढच्या रविवारी धाकट्या बहिणीला घेऊन येते म्हणाल्या. तिने अंगठा देऊन टाकलाय, तिचं नाव नसणारच, पण तिलाही एकदा तिच्या हाताने बघू द्या. किटली उचलून त्या गेल्या.

नाना हौसाबाईंच्या खुर्चीवर बसले. पान अजून उघडंच होतं. ते म्हणाले, "बाई, मी पाणी दिलं होतं? तशी काही नोंद माझ्याकडे नाही."

"त्यांच्याकडे आहे," मी म्हटलं.

माझा चहा करून झाला, त्यांच्यापुढे ठेवला, त्यावर साय धरली. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि माझ्याकडे एक कोरा कागद मागितला.

"बहिणीने अंगठा दिला म्हणजे वाचता येत नसणार," ते म्हणाले. "अक्षरांपासून सुरुवात करावी लागेल."